हिरवळीखालचा मुरूम

मेथीच्या वाफ्यात बसून आई काळे दाणे वेचत होती. २३ सप्टेंबर २०२३ची सकाळ. आदल्या रात्री नागपुरावर जो पाऊस कोसळला, तो इथल्या कुणाला विसरता यायचा नाही. अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदीचं पाणी घरांत शिरलं, लोकांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. आमचं घर त्या पट्ट्यापासून दूर, बेसा रस्त्याकडे. आमच्या आवारात पाणी चढलं आणि पहाटेपर्यंत ओसरलं, एवढंच. पण ओसरताना ते मागच्या आंगणात पोरांना खेळायला केलेल्या कोर्टावरचे रबराचे दाणे सोबत घेऊन गेलं. जुन्या टायरांचे ते बारीक दाणे, कृत्रिम गवताच्या पात्यांमध्ये भरतात ते. वजनाला हलके. ते आईच्या मेथीत गेले, सांबारात गेले (कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो), तुळशीच्या आळ्यात गेले आणि नालीच्या जाळीवर त्यांचा काळा थर बसला.

"हे मातीत जिरत नाही ना रे?" आईने एक दाणा दोन बोटांत धरून विचारलं.

"नाही."

"मग वेचूनच काढावं लागते." ती पुन्हा वाकली. मीही तिच्या शेजारी बसलो. दुपारपर्यंत आमचा अर्धा डबा भरला, आणि वाफा अर्धाही झाला नव्हता.

कोर्ट टाकून तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. मधोमध चटईएवढं डबकं साचलेलं. गवताच्या दोन पट्ट्यांमधला सांधा दोन बोटं उघडलेला. कुंपणाच्या बाजूची कड उचलली गेलेली. बाबा मागच्या दारात उभे राहून बघत होते. ते काही बोलले नाहीत. मार्चमध्ये त्यांना जे सांगायचं होतं ते त्यांनी सांगितलं होतं आणि मी ते ऐकलं नव्हतं.

आमचा लेआउट जुना. बाबांनी प्लॉट घेतला तेव्हा आजूबाजूला सगळी वावरं होती आणि घरापर्यंत सायकल ढकलत यावं लागायचं. मी शाळेत होतो तेव्हा आमच्या ओळीत सात प्लॉट रिकामे होते. त्यातल्या तीनांवर आमची मैदानं होती, प्रत्येकाचे नियम वेगळे. आता त्या ओळीत एकही प्लॉट रिकामा नाही. फ्लॅट स्कीमच्या पार्किंगमध्ये पोट्टे चेंडू टप्प्याटप्प्याने ढकलतात, कारच्या आरशाला लागला की वरून कुणीतरी ओरडतं आणि खेळ मोडतो. रिंग रोडपलीकडे तासाच्या दराने मिळणारी टर्फं झाली आहेत, पण तिथे जायचं म्हणजे दहा जणांनी पैसे जमवायचे आणि कुणाच्या तरी वडिलांनी गाडी काढायची. माझी लेक तेव्हा दहा वर्षांची होती. एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, तुम्ही खेळायला पैसे देत होते का?" त्या प्रश्नाने मला झोपू दिलं नाही.

घरामागे जागा होती. आई-बाबांनी चाळीस वर्षांत तिथे लिंबू, पेरू, शेवगा, आणि ऋतूप्रमाणे भाजी लावली होती. लिंबू आणि पेरू कडेला होते. शेवगा एका वादळात गेला होता. मधली जागा भाजीची. ती मी मागितली.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझं सांबार कुठी लावू?" आम्ही कुंपणाला लागून सहा फुटांचा पट्टा तिच्यासाठी ठेवला. तो तिने स्वतः पावलं टाकून मोजून घेतला. चाळीस वर्षं कसलेल्या जमिनीतून एवढीशी पट्टी मागून घ्यावी लागावी, हे मला तेव्हा जितकं टोचायला हवं होतं तितकं टोचलं नाही. आज टोचतं.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा हॉकी खेळायचे. राइट हाफ, म्हणजे मधल्या फळीत उजवीकडे. शाळेत, कॉलेजात, मग नोकरीतल्या टीममध्ये. त्यांचं सगळं खेळणं मुरमाच्या मैदानावर झालं. नागपुरातली त्यांच्या वेळची मैदानं तशीच होती: लाल-पिवळा मुरूम, पहाटे पाणी मारलेला, रोलर फिरवलेला. तो रोलर ओढायचं काम खेळाडूंचंच. नवीन पोराला पहिला महिनाभर स्टिक हातात मिळायची नाही, झारी मिळायची. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांवर अजून खुणा आहेत, आणि डाव्या गुडघ्यात कातडीखाली एक खडा आहे. लहानपणी आम्ही भावंडं तो बोटाने चाचपून बघायचो.

१९७५च्या मार्चमध्ये भारताने क्वालालंपूरला विश्वचषक जिंकला. बाबा तेव्हा चोवीस वर्षांचे. पुढच्याच वर्षी मॉन्ट्रिअल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम गवतावर खेळली गेली आणि भारत सातवा आला. १९२८पासून प्रत्येक ऑलिंपिकमधून हॉकीचं पदक घेऊन येणारा देश सातवा. त्या पराभवाला कारणं बरीच होती, सगळा दोष गवताला देता येणार नाही. पण खेळ बदलला हे खरं. ओबडधोबड जमिनीवर चेंडू उसळतो, वळतो, त्याला मनगटाने गोंजारत न्यावं लागतं. कृत्रिम गवतावर तो सरळ आणि वेगाने धावतो, आणि त्याच्यामागे तितक्याच वेगाने धावणारी फुप्फुसं लागतात. बाबांच्या पिढीच्या हातात जे कसब होतं त्याचा भाव एका उन्हाळ्यात उतरला. त्यांना कधी त्या कृत्रिम गवतावर, ॲस्ट्रोटर्फवर, खेळायला मिळालं नाही. ती मैदानं मोठ्या शहरांत आली. आमच्याकडे यायला फार वर्षं गेली आणि तोवर बाबांची स्टिक माळ्यावर गेली होती.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मार्च २०२३मध्ये ते म्हणाले, "काळ्या मातीवर तीन इंच मुरूम म्हणजे ताटावर रुमाल टाकल्यासारखं आहे, ती माती पावसाळ्यात उठते," तेव्हा मी ठेकेदाराचं ऐकलं. तो म्हणाला, काकाजी, आता नवीन टेक्निक आहे, वर गवत आलं की खालचं काही दिसत नाही. आठ दिवसांत सगळं तयार झालं. चाळीस मिलिमीटर उंचीची पाती, दिसायला अगदी टीव्हीवरच्या फुटबॉल मैदानासारखी. लेआउटमधली सगळी पोरं त्या संध्याकाळी आली होती. बाबाही चप्पल काढून दोन पावलं चालले आणि परत आले.

पावसाने जे उघडं पाडलं ते नीट समजून घ्यायला मला तो पूर्ण हिवाळा लागला. काळी माती ही आमच्या दख्खनच्या बेसॉल्टचीच माती. लाखो वर्षं ऊन-पाऊस खाऊन खडक पूर्ण झिजला की तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज उरतं, आणि त्याच्या पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरून बसतं. पावसाळ्यात माती फुगते. उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला भेगा पडतात. वऱ्हाडात-नागपुरात जुन्या घरांच्या भिंतींना ज्या तिरक्या चिरा दिसतात, त्यातल्या पुष्कळ या हालचालीच्या. मुरूम म्हणजे तोच खडक, पण अर्धवट झिजलेला. तो असा फुगत नाही. आणि गिट्टी म्हणजे तोच खडक, अजून ताजा, खाणीतून फोडून आणलेला. एकाच दगडाच्या तीन वयांवर आपण घरं बांधतो, रस्ते करतो. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या मातीचा जाड, दाबून बसवलेला थर दिला तर खालची हालचाल आटोक्यात येते, यावर आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी मोठं काम केलं. कालव्यांच्या बांधकामात ते वापरलं गेलं. बाबांनी यातलं काही वाचलेलं नव्हतं. मैदानाचा कोणता कोपरा पावसानंतर उठतो आणि तिथे किती टोपल्या मुरूम टाकावा लागतो, हे त्यांना ठाऊक होतं.

फेब्रुवारी २०२४. माती पूर्ण सुकली होती. या वेळी ठेकेदार नाही. रस्त्याच्या कामावर आयुष्य घालवलेले एक मिस्त्री बाबांनी शोधून आणले. बाजूच्या गल्लीतून जेसीबी आत येत नव्हता, म्हणून सगळं फावड्या-घमेल्याने. सहा माणसं, पाच दिवस, दीड फूट खोल. वीसेक ट्रॉल्या काळी माती निघाली. चार ट्रॉल्या आईने ठेवून घेतल्या, बाकीची एका रोपवाटिकेने नेली.

खालचा तळ आधी धुमसाने ठोकला. त्यावर जिओटेक्स्टाइलचं जाड कापड अंथरलं, काळी माती वर चढू नये आणि मुरूम तिच्यात रुतू नये म्हणून. मग मुरूम, तीन तीन इंचांचे तीन थर. मिस्त्री एकदम नऊ इंच टाकून रोलर फिरवायच्या बेतात होते. बाबा खुर्ची घेऊन तिथेच बसलेले. म्हणाले, "वरचा दबते जी, खालचा पोकळ राहते." मिस्त्रींनी फावडं टेकवलं. "बरोबर आहे काकाजी. लेबरचा एक दिवस वाढते, मले काय." पाणी किती मारायचं हेही बाबांनीच सांगितलं. मूठभर मुरूम उचलायचा आणि आवळायचा. गोळा झाला पाहिजे, पण हाताला ओल लागता कामा नये. गोळा बोटाने दाबल्यावर दोन-तीन तुकड्यांत फुटला तर रोलर आणायचा. चिकटून राहिला तर थांबायचं. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस दिवसभर उन्हात मुठी आवळून बघत होता, आणि पाच-सहा दशकांपूर्वी झारी धरायला शिकवणाऱ्या कुणाचे तरी शब्द त्याच्या तोंडून येत होते.

मुरमावर चाळीस मिलिमीटरची गिट्टी, मग वीसची, सगळ्यात वर इंचभर चुरी. प्रत्येक थराला उतार एकसारखा: आठ मीटर रुंदीत आठ सेंटिमीटर, पेरूच्या बाजूला. दिसत नाही एवढा, पण पाण्याला कळतो एवढा. मुरमालाही तोच उतार दिला, कारण गवतातून आणि गिट्टीतून खाली झिरपलेलं पाणी मुरमावरून वाहून गेलं पाहिजे, खालच्या काळ्या मातीत मुरता कामा नये. कडेला भोकं पाडलेला पाईप, आणि तो पाईप थेट समोरच्या शोषखड्ड्यात, कोर्टापासून जितका दूर नेता आला तितका. नालीच्या तोंडाशी बारीक जाळी बसवली. गवताची पाती झिजून जे तंतू सुटतात ते पाण्यासोबत नागनदीपर्यंत जाऊ नयेत. ती जाळी मी दर पंधरवड्याला साफ करतो आणि तिच्यात काहीतरी सापडतंच.

पैशाचा निम्म्याहून जास्त भाग असा जमिनीखाली गेला. कुणी पाहुणे आले तर त्यांना फक्त हिरवं दिसतं.

गवत निवडायचा दिवस मला लख्ख आठवतो. दुकानदाराने नमुन्याचे पाच-सहा तुकडे पाठवले होते. बैठकीत फरशीवर ते ओळीने मांडले. मी पात्याचा जाडपणा, पाठीमागचं लेटेक्स, पाणी जायची भोकं असं सगळं बघत होतो. बाबा माळ्यावर चढले. आई खालून शिडी धरून रागावत होती. ते उतरले तेव्हा त्यांच्या हातात तुतीच्या लाकडाची ती जुनी जालंधरची स्टिक होती आणि एक पिवळट पडलेला चेंडू. त्यांनी एकेका तुकड्यावर चेंडू हळूच ढकलला. चाळीस मिलिमीटरवर तो दोन वितींत थांबला. पंचवीसवर थोडा पुढे गेला. पंधरा मिलिमीटरच्या दाट, आखूड तुकड्यावरून तो सरळ सुटला, फरशीवरून गेला आणि सोफ्याखाली जाऊन आपटला. बाबा तिथेच उभे राहिले. "हे घे," म्हणाले.

पंधरा मिलिमीटरच्या गवताला रबर लागत नाही, नुसती वाळू पुरते. धुतलेली, गोल कणांची सिलिका वाळू, चौरस मीटरला साधारण पंधरा किलो. आमच्या एकशेवीस चौरस मीटरला पन्नास किलोच्या छत्तीस गोण्या. आईचा पहिला प्रश्न तोच होता: "काळं काही टाकून नाही राहिला ना?" युरोपीय संघाने २०२३मध्ये अशा रबरी दाण्यांच्या विक्रीवर बंदी आणायचं ठरवलं आणि मैदानांना आठ वर्षांची मुदत दिली, हे मी नंतर वाचलं. आमच्या घरात ती बंदी मेथीच्या वाफ्यातूनच आली होती.

कोर्ट पंधरा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद का, तर गवताचा रोल चार मीटर रुंद येतो. दोन रोल, एकच सांधा. रोल उलगडून एक रात्र तसेच सोडले, त्यांच्या वळ्या मोडाव्यात म्हणून. दोन्हींची पाती एकाच दिशेला झुकलेली असावी लागतात. नाहीतर एकाच कारखान्याचं, एकाच दिवशीचं गवत दोन रंगांचं दिसतं. सांध्याखाली फूटभर रुंदीची टेप, तिच्यावर गोंद, आणि मग दोन माणसं गुडघ्यांवर बसून इंच इंच कड जुळवत पुढे सरकतात, एकही पातं गोंदात अडकू न देता. त्या दुपारी कुणी बोलत नव्हतं. मग वाळू पसरायची, ब्रश मारायचा, पुन्हा वाळू, पुन्हा ब्रश. नायलॉनची जाळी, लोखंडी पाईप आणि दोन दिवे हे काम दोन दिवसांत उरकलं.

आणि ऊन. हे सांगितल्याशिवाय कुणालाही मी असं कोर्ट करा असं सांगणार नाही. हे गवत पहिल्यांदा गाजलं ते अमेरिकेत ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये. १९६५मध्ये ते छप्पर असलेलं स्टेडियम उघडलं; छताच्या पारदर्शक प्लास्टिकच्या तावदानांतून येणाऱ्या उजेडात खेळाडूंना चेंडू दिसेना म्हणून तावदानं रंगवली आणि आतलं खरं गवत मेलं. १९६६मध्ये तिथे नायलॉनचं गवत आलं. ज्या जागी सूर्य नव्हता तिथली ही सोय, आणि आम्ही ती आणून अंथरली नागपुरात, जिथे २३ मे २०१३ला ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. खरं गवत पाणी बाष्प करून सोडतं आणि स्वतःला गार ठेवतं. प्लास्टिकच्या पात्याला ते येत नाही. नवतपात, मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, एका दुपारी अडीच वाजता मी हातातलं इन्फ्रारेड थर्मामीटर कोर्टावर धरलं: ६७ अंश. लिंबाच्या सावलीतल्या मातीवर ३९. म्हणून आमच्याकडे एप्रिल ते जून सकाळी आठनंतर मागच्या दाराला कडी लागते आणि संध्याकाळी सातनंतरच निघते. लहान पोरं अनवाणी धावतात, त्यांना हे समजावत बसता येत नाही, कडीच हवी. पूर्वेकडच्या कुंपणाला मी कडुनिंब लावला आहे. तो सावली देईपर्यंत माझी लेक कॉलेजात असेल, आणि मार्चमधल्या त्याच्या पानगळीने मी रोज झाडत असेन. चालेल.

हे गवत आठ-दहा वर्षं टिकतं. त्यानंतर त्याचं काय करायचं याचं चांगलं उत्तर मला सापडलेलं नाही. पहिल्या गवताचे तुकडे अजून गच्चीवर आहेत. काही कूलरच्या स्टँडखाली घातले, काही शेजारच्यांनी नेले. बाकीची गुंडाळी मी गच्चीवर गेलो की दिसते, आणि ती मी कचऱ्याच्या गाडीत टाकणार नाही.

पहिले काही महिने पोरं क्रिकेटच खेळली. विदर्भातली पोरं, दुसरं काय खेळणार. मग ८ ऑगस्ट २०२४ आला. पॅरिसमध्ये हॉकीत भारताने स्पेनला २-१ हरवलं, लागोपाठ दुसऱ्या ऑलिंपिकमध्ये कांस्य. लेआउटमधली सात-आठ पोरं आमच्या बैठकीत होती, कारण बाबांनी बोलावलं होतं. बाबा चेंडूकडे कमी आणि निळ्या मैदानाकडे जास्त बघत होते. चेंडू धावला की त्याच्यामागे पाण्याचे तुषार उडायचे. "पाणी मारलं आहे," ते म्हणाले. "बघ, हेही पाणी मारतात." दुसऱ्या दिवशी चार पोरी दारात उभ्या. त्यांना स्टिक हवी होती.

आता संध्याकाळी साडेसहाला बाबा पाईप घेतात आणि कोर्टावर पाणी मारतात. एका कोपऱ्यातून सुरू करून ओळीने, एकही जागा कोरडी न सोडता. उन्हाळ्यात त्या पाण्याने जमीन थोडा वेळच गार राहते, पण चेंडू नीट पळतो. नवीन मुलगी आली की तिला पहिले दोन आठवडे स्टिक मिळत नाही, पाईप मिळतो. हे मला थोडं कडक वाटतं; मी तसं म्हटलंही. त्यांनी ऐकलं नाही आणि पोरींनीही कुणी तक्रार केली नाही. हलके प्लास्टिकचे चेंडू, गुडघ्यांना पॅड. बाबा स्वतः सांध्याच्या रेषेवर, उजव्या बाजूला उभे राहतात. धावत नाहीत. चेंडू त्यांच्याकडे आला की स्टिक खाली येते, चेंडू तिला चिकटतो, क्षणभर तिथेच राहतो आणि मग जिथे मुलगी पोचणार असते तिथे आधीच निघालेला असतो. २०२५च्या मार्चमध्ये विदर्भाने इथल्याच जामठ्याच्या स्टेडियमवर रणजी जिंकली तेव्हा दोन दिवस पुन्हा सगळे बॅट घेऊन आले होते. बाबांनी हरकत घेतली नाही; पाणी मात्र मारलं.

या मे महिन्यात आईच्या पट्ट्यातल्या काळ्या मातीला भेगा पडल्या. लेकीची फूटपट्टी मी त्यातल्या एकीत घातली तर ती पूर्ण आत गेली. कोर्टाच्या विटांच्या कडेपासून ही भेग हातभर अंतरावर. मी बाबांना हाक मारली. ते आले, भेगेकडे बघितलं, आणि म्हणाले, "दोरी आण."

आम्ही दोघांनी दोरी ताणली. आधी लांबीत, मग रुंदीत, मग तिरकी, दोन्ही कर्णांवर. एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला मी, आणि मध्ये लेक पट्टी घेऊन पालथी पडलेली, दोरीखालचं अंतर वाचून सांगत होती. मधोमध काही फरक नाही. सांध्यावर नाही. पेरूच्या बाजूला नाही. लिंबाकडच्या कोपऱ्यात चार मिलिमीटर.

"परत बघ," बाबा म्हणाले. तिने परत बघितलं. चार.

त्यांनी खिशातून खडू काढला, कुंपणाच्या भिंतीवर त्या कोपऱ्यापाशी एक रेघ ओढली आणि तिच्याखाली तारीख लिहिली. पुढची रेघ दिवाळीला ओढायची, पाऊस संपल्यावर. भिंतीवर त्यासाठी जागा सोडली आहे.